हातावरचा पत्ता

"हात दाखव आदी."

जाळीच्या दाराआड माय उभी होती. कडी आतून लावलेली आणि कडीवर तिची मूठ. संध्याकाळचे पाच वाजले होते. जिन्यातला पत्रा तापला होता आणि माझ्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी गुंडाळलेली होती.

"माय, मी हाय. राणी."

"राणी म्हणून कोण्हीबी येतंय. हात दाखव."

तिच्या मागून त्रिवेणीने डोकं काढलं. चार वर्षांची माझी लेक, हातात अर्धं केळं. "आजी, मम्मी हाय ना ती! खोल ना!"

"तू गप गं. तुला काय कळतंय? अशाच बाया येतेत अन् लेकरं घेऊन जातेत." मायने तिला पदराखाली ओढून घेतलं. त्रिवेणीने पदरातूनच मला केळं दाखवलं, म्हणजे घाबरू नकोस, मी बरी आहे.

डॉक्टरांनी पट्टी सकाळपर्यंत सोडू नका म्हणून बजावलं होतं. मी दातांनी गाठ सोडली. आत कातडी लाल होऊन फुगली होती, दोन ठिकाणी पाण्याचे फोड आले होते. मी हात जाळीतून आत घातला.

मायने अंगठा जिभेला लावला आणि त्या सोललेल्या कातडीवरून घासला. रोज घासायची तसाच. खरं गोंदण पुसत नाही, हे तिचं साधं गणित. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी हात मागे घेतला नाही. घेतला असता तर दार उघडलं नसतं.

"फिक्कं झालंय," ती संशयाने म्हणाली.

"ऊन लागलं."

तिला वाचता येत नाही. पण अंधारात घरातली पायरी पायाला कळते तसा तिच्या बोटाला अक्षरांचा क्रम कळायचा. "राणी... उमाजी..." पुढे ती जराशी अडखळली. मग कडी निघाली.

"ये. जेवलीस का? किती येळ केलीस गं."

*

माझ्या हातावर काय लिहिलं आहे हे मला वाचता येण्याच्या आधीपासून ते तिथे होतं. मनगटाच्या थोडं वर, उजव्या हाताला, तीन ओळी. पहिलीत 'राणी उमाजी'. दुसरीत 'बोरगाव ता. बिलोली'. तिसरीत सहा आकडी फोन नंबर. हा नंबर हिम्मतरावांच्या किराणा दुकानाचा. अख्ख्या बोरगावात तेव्हा तेवढाच एक फोन होता.

वडिलांना हैदराबादेत तारनाक्याच्या रेल्वेच्या ऑफिसात शिपायाची नोकरी लागली, तेव्हा आम्ही गाव सोडलं. एक ट्रंक, एक ज्वारीचं पोतं आणि मी. काचीगुडा स्टेशनावर गर्दीत माझ्या हातून मायचा पदर सुटला. मी सापडले तीन तासांनी, पार्सल ऑफिसच्या वजनकाट्यावर बसलेली. एका हमालाने मला तिथे बसवून चहात बुडवलेलं बिस्किट दिलं होतं. लोकांनी तेलुगूत विचारलं, उर्दूत विचारलं, नाव काय, गाव काय. मी म्हणे फक्त "माय, माय" करत होते. ते तीन तास कसे गेले हे मायने कधीच सांगितलं नाही. "तीन तास," एवढंच म्हणायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

त्याच वर्षी माळेगावच्या जत्रेत वडील घोडे बघायला गेले असताना तिने मला मांडीवर दाबून धरलं आणि बॅटरीवरच्या मशीनवाल्या बाईकडून हात गोंदवून घेतला. हिम्मतरावांकडून मजकूर कागदावर लिहून आणला होता. म्हणजे तो विचार जत्रेतला नव्हता, घरून निघतानाचाच होता. वडील परत आले आणि माझा सुजलेला हात बघून भडकले. "पोरगी हाय का जवारीचं पोतं हाय, पत्ता घालायला?"

"पोतं हारवलं तर दुसरं घेता येतंय," माय म्हणाली.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही लक्षात आली नाही. नंबराला एसटीडी कोड नव्हता. बोरगावच्या माणसाला बोरगावला फोन करायला कोड कधी लागलाच नव्हता. मी हैदराबादेत हरवले असते आणि कुणी तो नंबर फिरवला असता, तर तो कुठेच लागला नसता. जामबागच्या मराठी शाळेत सातवीला असताना वर्गातल्या मुलींनी मधल्या सुट्टीत कोटी भागातल्या फोनच्या बूथवरून तो फिरवून पाहिला. 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं एक बाई तीन भाषांत म्हणाली. मुली हसून हसून लोळल्या. तेव्हापासून मे महिन्यातसुद्धा मी लांब बाह्या घालते.

शिवराज मला बघायला आला, तेव्हा चहा देताना बाही वर सरकली. त्याने शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाला, "बरं झालं, पत्ता विचारायचं काम वाचलं." त्या एका वाक्यावर मी होकार दिला.

*

दिलसुखनगरला सोन्याचांदीच्या एका मोठ्या दुकानात मी पैंजणांच्या काउंटरला होते. सहा वर्षं. पैंजण गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून दाखवायचे, त्यामुळे आपला हात कसा आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पण ती ड्यूटी दुपारी बारा ते रात्री साडेनऊ. शिवराज जीडीमेटलाच्या औषध कंपनीत पाळ्यांवर. संध्याकाळ सांभाळायला खालच्या मजल्यावरची यादम्मा, आणि यादम्मालाही तिचं घर आहे.

मायचं गणित संध्याकाळी बिघडायचं. वडील गेल्यावर ती विसरायला लागली होती. आधी गॅस, मग दूधवाल्याचं नाव, मग तुळशीला पाणी घातलं की नाही. सकाळी ती बरी असायची. त्रिवेणीची वेणी घालायची, भाकरी थापायची. पण ऊन उतरून खिडकीतला उजेड पिवळा झाला की तिला काहीतरी हरवल्यासारखं व्हायचं. घरभर फिरायची, दारं उघडून बघायची, पलंगाखाली वाकून बघायची. औषधं देणारे डॉक्टर म्हणाले, "त्या वेळेला घरचं ओळखीचं माणूस जवळ बसलेलं बरं."

बांगड्यांच्या काउंटरची उषा मुलाकडे निजामाबादला जाणार, हे मला कळलं. लग्नाचं सोनं लोक दिवसाउजेडी घेतात, म्हणून त्या काउंटरची ड्यूटी सकाळी साडेनऊ ते पाच. पाचला सुटून बस धरली तर सहाच्या आत तारनाका. मी मॅनेजर रितेश सरांकडे गेले.

"राणी मॅडम, तुम्ही बेस्टच," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाशी बोलता कसं, ते मी बघतो की. पण हाताचं काय करायचं बोला. बांगडी स्वतःच्या हातात घालून दाखवावी लागते. गिऱ्हाईक सोनं बघंल का तुमच्या हातावरचा पेपर वाचंल?"

"डाव्या हातात घालून दाखवीन, सर."

"लग्नाचं सोनं डाव्या हातात? नक्को हो. उठून जातेत लोकं."

खरंच होतं ते. एकदा उषा रजेवर असताना मी तिथे उभी राहिले होते. तोड्यांची जोडी मनगटावर चढवून एका बाईंपुढे हात धरला, तर त्या वाकून म्हणाल्या, "ये नंबर किसका है बेटा? दुकान का है क्या?"

रितेश सरांनी उषा जाईपर्यंतची मुदत दिली. आठ महिने.

गोंदण काढणाऱ्या लेझरवाल्या डॉक्टर ऋचा पुण्याच्या. मी मराठी बोलते म्हटल्यावर खूश झाल्या. "तुमचं मराठी किती गोड आहे हो, वेगळंच." मशीन चालू झालं की तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा आणि केस जळल्याचा वास. डोळ्यांवर काळा चष्मा लावून मी छताकडे बघत पडायचे.

"लोक नावं काढायला येतात," पहिल्या वेळी त्या म्हणाल्या होत्या. "बॉयफ्रेंडची, गर्लफ्रेंडची. एकाने अख्खी पाठ आणली होती. पत्ता काढायला आलेल्या तुम्ही पहिल्याच. कुणी गोंदवला होता?"

"मायनं. हरवू नये म्हणून."

मग तडतड पुन्हा सुरू झाली.

जत्रेतली शाई लवकर जाते, चार वेळांत होईल, असं त्यांनी सांगितलं. आधी नंबर फिका पडला. तो सगळ्यात शेवटी गोंदलेला. तोवर मी रडून हात ओढत असणार, म्हणून तो उथळच राहिला होता.

मायने हात मागायला सुरुवात केली ती दुसऱ्या वेळेनंतर. एका संध्याकाळी माझ्या सुटीच्या दिवशी मी भाजी घेऊन आले, तर तिने मला दारात अडवलं. तिच्या डोक्यात राणी चार वर्षांची होती. माझं तोंड तिच्या ओळखीचं राहिलं नव्हतं. हात मात्र होता. मी बाही वर केली, तिने अंगठा घासला आणि तिचा चेहरा असा सैल झाला की मी तिथेच भाजीची पिशवी ठेवून जिन्यात बसले.

तेव्हाच थांबायला हवं होतं. शिवराज म्हणालाही, "राहू दे ना. पैंजणच विक." पण मी मनाशी हिशेब मांडला. एकदा ती ड्यूटी मिळाली की मी रोज संध्याकाळी तिच्याजवळ असेन. मी जवळच असले, तर हात बघायची वेळच येणार नाही. असं स्वतःला समजावत मी तिसऱ्या वेळेला गेले आणि पट्टी बांधून जाळीपुढे येऊन उभी राहिले.

*

त्यानंतर पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, मी एका गिऱ्हाइकाच्या पायात पैंजण अडकवत होते. रितेश सर स्वतः काउंटरपाशी आले. आमचे मोबाइल लॉकरमध्ये असतात, फोन आला तर ऑफिसात येतो. ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "राणी मॅडम, शिवराजभाऊचा फोन होता. तुमच्या आई घरात नाहीयेत. तासभर झाला म्हणे. तुम्ही निघा."

गिऱ्हाइकाचा पाय माझ्या हातात होता. पैंजणाची कडी मला लागेना. शेवटी त्या बाईनेच वाकून ती लावली.

ऑटोत मी मोबाइल घट्ट धरून बसले होते. मलकपेटला ट्रॅफिक, अंबरपेटला ट्रॅफिक. रस्त्याकडेच्या प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईकडे मी बघत होते. हिरवं लुगडं नेसली होती का माय सकाळी? की जांभळं? मला आठवेना. पोलिसांनी विचारलं तर काय सांगणार होते मी?

फाटकाशी यादम्मा त्रिवेणीला कडेवर घेऊन उभी होती. दोघींचे डोळे लाल. "पाला कोसम पोयिना, राणी," ती म्हणाली. दुधाला गेले होते गं. "पाच मिनटच. कडी लगाके गई मैं, खुदा कसम." बिचारीला कुठल्या देवाची शपथ घ्यावी हेही सुचत नव्हतं.

"तुझी काही चूक नाही," मी म्हणाले आणि त्रिवेणीला घेतलं. "आजी कुठे गेली सांगितलं का तुला?"

"आजीनं जाळीतनं हात घालून कडी काढली. म्हणली, राणी हारवली. मी म्हणलं, मम्मी दुकानात हाय. तर म्हणली, ती न्हाई, लहान राणी."

मग मला कळलं. माय हरवली नव्हती. माय मला शोधायला गेली होती, आणि मी कुठे हरवले होते ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने रस्त्यात कुणालातरी स्टेशन विचारलं असणार. इथून विचारलं की लोक सीताफळमंडीचं स्टेशन दाखवतात. त्रिवेणीला परत यादम्माकडे देऊन मी तिकडे धावले.

स्टेशनाबाहेर टिफिनच्या एका गाडीपाशी पाच-सहा माणसं गोळा झाली होती. मधे स्टुलावर माय. लुगडं निळं होतं. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय धुळीने माखलेला. पुढ्यात इडलीची प्लेट तशीच.

"माय!"

तिने वर पाहिलं आणि नजर माझ्यावरून घसरून मागच्या गर्दीत गेली.

"आप कौन?" गाडीवाला म्हणाला. साठीचा माणूस, कानावर पेन अडकवलेलं. "अम्मा बोलरे मेरी बेटी गुम गई, चार साल की है. हाथ पे सब लिखा है बोलके. एक नंबर भी बोले. मैं लगाया, लगताच नै."

"मैं ही बेटी हूँ उनकी."

तो माझ्याकडे बघत राहिला. "अम्मा तो बच्ची बोलरे." बाजूचा एक तरुण पुढे झाला. "कुछ प्रूफ है क्या आपके पास?"

बसमधे बायकांना फुकट तिकिटासाठी दाखवावं लागतं, म्हणून आधार कार्ड माझ्या पर्सच्या वरच्याच कप्प्यात असतं. मी ते काढून दिलं. त्याच्यावर माझं नाव होतं, खाली नवऱ्याचं होतं. मायचं नाव कुठेच नव्हतं. मग मी मोबाइलमधला फोटो काढला, संक्रांतीचा, माय आणि मी आणि मधे त्रिवेणी. तो बघून त्या तरुणाचा आवाज खाली आला. "सॉरी अक्का. आजकल कैसे कैसे लोगां रैते ना."

फोटो मायनेही पाहिला. "ही चांगली पोरगी हाय," ती फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवून म्हणाली. मग मला बघून, "ही न्हाई."

मी बाही वर केली. तिने अंगठा ओला केला. पहिल्या ओळीच्या जागी पुसट करड्या रेघा होत्या, दुसरीत एक 'ब' आणि एक काना, बाकी कातडी गुलाबी, नवी. ती बराच वेळ घासत राहिली. मग तिने माझा हात हळूच, परक्याच्या हातासारखा, परत दिला.

"न्हाई बाई. तू दुसऱ्या कोण्हाची हायस. मपलीच्या हातावर लिव्हलंय."

ती उठेना. मी तिच्या दंडाला धरलं, तर तिने गाडीची कड घट्ट धरली आणि ओरडायला तोंड उघडलं. माणसं पुन्हा जवळ सरकली. मी हात सोडला. आता काय करायचं? शिवराज येईपर्यंत थांबायचं? त्याला तरी ती ओळखेल का?

"भाई, पेन देते क्या जरा?"

गाडीवाल्याने कानावरचं पेन काढून दिलं. मी मायच्या शेजारच्या स्टुलावर बसले, उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि डाव्या हाताने लिहायला लागले. डाव्या हाताने मला कधीच लिहिता आलं नाही. 'रा' वाकडा आला. माय तिरक्या डोळ्यांनी बघत होती.

"राणी," ती पुटपुटली.

"हं."

"उमाजी."

मी उमाजी लिहिलं.

"बोरगाव. तालुका बिलोली."

ती पुढे झुकली होती. मी दुसरी ओळ संपवून थांबले, तर तिने न अडखळता सहाच्या सहा आकडे म्हटले. एकेक, सावकाश, हिम्मतरावांनी तेव्हा तिच्याकडून पाठ करून घेतले असतील तसे. जी सकाळचं औषध घेतलं का हे सांगू शकत नव्हती ती.

शेवटचा आकडा झाला. मायने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्यावर फुंकर घातली. लांब, गार फुंकर.

"लई दुखलं का गं?"

"नाही."

"किती येळ शोधलाले तुला. तीन तास." तिने माझं मनगट पकडलं आणि उठली. "चल. पदर सोडू नको आता."

"मिल गई ना अम्मा?" गाडीवाल्याने विचारलं.

"मिली," माय म्हणाली आणि मला ओढत चालायला लागली. घराच्या उलट्या दिशेने. मी तिला हळूच वळवलं.

*

त्यानंतर काही दिवस मी पर्समधे निळं बॉलपेन ठेवलं. घरी येताना बसमधे शेवटच्या दोन स्टॉपच्या मधे हातावर तीन ओळी लिहायच्या, सकाळी साबणाने चोळून काढायच्या. शेजारच्या बायका बघायच्या. एकीने विचारलंही, "परीक्षा है क्या अम्मा?" मी हो म्हटलं.

शिवराजने मायसाठी स्टीलचं कडं करून आणलं, त्याच्यावर माझा नंबर कोरलेला, कोडसकट. तिने ते काढून डाळीच्या डब्यात ठेवलं. "मी काय पोतं हाय का?" म्हणाली. वडिलांचंच वाक्य. मी आणि शिवराज एकमेकांकडे बघून हसलो आणि मग हसू पुरलं नाही.

पेनाचा उपाय अंगठ्यापुढे टिकणार नव्हता हे मला ठाऊक होतं. उन्हाळा वाढला. एका सुटीच्या संध्याकाळी जाळीतून हात आत घातला, मायने थुंकी लावली, घासलं, आणि 'राणी'चा नुसता निळा डाग झाला. तिने अंगठा डोळ्यांपुढे धरला. मग पुन्हा हात बघितला.

"पुसली की गं," ती म्हणाली. "मपलं लेकरू पुसलं."

ती खाली बसली आणि अंगठा लुगड्याला न पुसता तसाच मुठीत धरून रडत राहिली. त्रिवेणीने स्टुलावर चढून कडी काढली. मी आत गेले, पण तिच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही. तिच्या समोर मीच होते, आणि मीच तिची पोर पुसून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी पेन पर्समधून काढून त्रिवेणीच्या दप्तरात टाकलं. चौथ्या वेळेला गेले. पट्टी सुटली, खपली पडली. डॉक्टर ऋचांनी हात दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, "बघा, कुणाला सांगून पटणार नाही." उषा निजामाबादला गेली. मी आखूड बाह्यांचा ब्लाउज शिवला. एकोणतिसाव्या वर्षी पहिला.

पहिल्या दिवशी एका नवऱ्या मुलीची आई माझ्या हातातल्या पाटल्यांकडे बघून म्हणाली, "किती खुलून दिसतंय." रितेश सरांनी लांबून अंगठा दाखवला. मी पाच वाजता निघाले. ऊन होतं अजून. या वेळेला रस्त्यावर एवढं ऊन असतं, हे मी सहा वर्षांत विसरूनच गेले होते.

जिना चढून जाळीपाशी आले. बाही वर करायला हात गेला, तर बाही नव्हतीच. उघडा हात घेऊन मी उभी राहिले.

मायने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हात मागितला नाही. कडी काढली.

"ये बाई. उन्हातनं आलीस. बस."

तिने माठातलं पाणी आणून दिलं, तांब्यावर फुलपात्र उपडं घालून, पाहुण्याला देतात तसं. खिडकीपाशी चटई टाकली. स्वतः बसली आणि मला जागा केली. खिडकीतला उजेड पिवळा व्हायला लागला होता. मी वाट बघत होते, की आता ती उठेल, दारं उघडेल, पलंगाखाली बघेल. ती उठली नाही.

"पोरगी यायची हाय मपली," ती म्हणाली. "येईल इतक्यात. तुला लेकरं?"

"एक आहे. मुलगी."

"हात गोंदून घे तिचा. मी घेतलाय. म्हणून तर घरी येती रोज." तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "किती साफ हात हाय गं तुझा. तुझ्या मायनं काईच लिव्हलं न्हाई व्हय?"

"लिहिलं होतं."

"मग?"

"गेलं," मी म्हणाले.

"असं कसं गेलं? चांगल्या बाईकडनं करून घ्याव." तिने चुकचुकत माझ्या मनगटावर थोपटलं. "असू दे. तुला उशीर होत असंल तर जा बरं."

"नाही. थांबते."

खाली रस्त्यावरून बस गेली. कॉलेजातनं पोरी परतत होत्या. माय प्रत्येकीकडे मान पुढे काढून बघत होती, पण तिचा हात माझ्या हातावरच होता.

आतल्या खोलीतून त्रिवेणी आली. आमच्या दोघींच्या मधे घुसून बसली.

"आजी, कोणाची वाट बघलालेत?"

"राणीची," माय म्हणाली.

त्रिवेणीने माझ्याकडे पाहिलं. मग तीही खिडकीचे गज दोन्ही मुठींत धरून रस्त्याकडे बघायला लागली.